रडणाऱ्याचा हॉर्न

बेला गावातल्या आमच्या बालवाडीत मुलं आणणाऱ्या ऑटोवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी मुळातच कमी बोलते.

एक मुलगी रोज फाटकाशी रडायची, ऑटोतून उतरायचीच नाही. कंटाळून तिची आई आता तिला घरीच ठेवणार होती. मग एके दिवशी ऑटोवाल्यानं तिला मांडीवर घेतलं आणि हॉर्न वाजवायला दिला. ती हसत उतरली.

"रिकामा हात डोळे चोळते, मॅडम," तो म्हणाला. "त्याले काम द्या लागते."

दुसऱ्या दिवशी अख्खा ऑटो रडत आला. सगळ्यांनाच हॉर्न हवा होता. तो डोकं खाजवत बसला. कालची रडवी मात्र खाली उतरून सगळ्यांची रांग लावत होती.

"मॅडम, तुमी काऊन दूर उभ्या? लागा रांगेत," ती मला म्हणाली.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटच्या मुलामागे उभी राहिले.