निम्म्या जोरावर

बारामतीहून बदली होऊन मी इंदापूरच्या कचेरीत रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं माझ्या टेबलावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. काही काम असेल म्हणून मी मान वर केली, तर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी टेबल वाजवलं, खुर्चीची पाठ वाजवली, दाराची चौकट वाजवली आणि मग काही एक न विचारता माझ्याच पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तीनदा टकटक केलं. कान जरा तिरका केला. "टेबलाला वाळवी लागलीया," ते म्हणाले, "तुमी भरीव हायसा." सगळी कचेरी हसली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःच्या रुबाबाला फार जपत होतो, त्यामुळे मला रागच आला. महिन्याभरानं टेबलाचा मागचा पाय मोडला.

हे ग्यानू तात्या. मूळचे शेळगावचे सुतार, पण हयात गेली भीमेच्या काठी नावा बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात. नदीवर तेव्हा ठेकेदारांच्या नावा चालत. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक नाव तपासून 'चालवण्यास योग्य' असा दाखला कचेरीनं द्यायचा, असा नियम होता. तपासायचं तात्यांनी, लिहायचं मी आणि खाली अंगठा तात्यांचा. साहेबाची सही त्यानंतर व्हायची, पण नावाडी मंडळी विचारायची ते अंगठ्याचं.

तात्यांची तपासणी बघण्यासारखी असे. नाव पाण्यातून ओढून वाळूवर घ्यायला लावायचे आणि तिच्या पोटात काठोकाठ पाणी भरायचे. बाहेर कुठं ओल फुटते ते बघत उन्हात तासभर बसून राहायचे. मग पाणी काढून बाभळीची मोगरी घ्यायची आणि तळाची एकेक फळी ठोकत जायचं. सांध्यात दाभण खुपसून बघायचं. रंगावर त्यांचा फार राग. "रंग बगून नाव घ्यावी तर मग पावडर बगून बायकूच करावी की," असं ते ठेकेदाराच्या तोंडावर म्हणत. ठेकेदार हसत, कारण न हसून चालत नसे.

एवढी वर्षं नदीवर काढलेल्या या माणसाला पोहता मात्र येत नव्हतं. मी एकदा चेष्टा केली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "भाऊसाहेब, पवनाऱ्याकडं नावंची परीक्षा कदी दिऊ नये. त्यो मनात म्हनतो, बुडली तर जाईन पवत. मला बुडायचंच हाय, म्हनून मी नीट बगतो." दाखल्यावर अंगठा उठवला की त्या नावेच्या पहिल्या खेपेला ते स्वतः बसत, आणि घरातलं एक माणूस बरोबर नेत. हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला. बहुतेक वेळा काशीबाई असायच्या, त्यांच्या पत्नी. पदराचं टोक मुठीत आवळून त्या काठाकडे तोंड करून बसत आणि उतरल्यावर मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत, "लगीन ठरवताना ह्येंनी सांगितलं न्हवतं, दरसाल बुडवायला न्हेनार म्हनून."

त्यांना एकच मुलगा, सोपाना. पंचविशीचा, उंच आणि पट्टीचा पोहणारा. त्याचा जीव लाकडात नव्हता, यंत्रात होता. बारामतीला एका गिरणीत तेलाचं इंजिन चालवायला शिकून आला होता आणि इंदापुरात इंजिन नव्हतं, म्हणून बापाच्या हाताखाली फळ्या तासत होता. तासता तासता तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा. मुंबईला जातो असं त्यानं दोनदा बोलून दाखवलं होतं. दोन्ही वेळा काशीबाई जेवल्या नव्हत्या.

अशात शंकरराव ठेकेदारांनी मोटारबोट आणली. मुंबईच्या कुठल्याशा गोऱ्या साहेबानं समुद्रात शर्यती लावायला बांधून घेतलेली, पुढं कुणाकुणाच्या हातातून फिरत, बैलगाडीवर आडवी पडून ती भीमेच्या काठी आली. लांबट, अरुंद, नाकाशी टोकदार, आणि वरून तांबडाभडक नवा रंग. शंकररावांनी तिच्यात आठ माणसांची बाकं ठोकली आणि इंजिनावर सोपानाला नेमलं. त्या दिवशी सोपाना गावातून चालत गेला नाही, पळत गेला.

तपासणीला तात्यांनी तीन दिवस लावले. पहिल्या दिवशी ते नुसतेच खुशीत होते. आतली एक पट्टी उचकटून त्यांनी मला बोलावून दाखवलं. वितीवितीवर तांब्याचे खिळे होते, आणि पातळ फळ्यांचे दोन थर देऊन मधे तेल पाजलेलं कापड घातलेलं होतं. "हलकी बी हाय आन् चिवट बी. काय हात असंल त्या मानसाचा," असं म्हणून त्यांनी त्या फळीवरून हात फिरवला. कधी न पाहिलेल्या, कुठल्या मुलखातल्या त्या कारागिराचं एवढं कौतुक करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मोगरी मागच्या अंगाला, इंजिनाच्या खाली आली आणि तात्या थांबले. पुन्हा ठोकलं. मला काहीच फरक कळला नाही. त्यांनी दाभणानं रंग खरवडला. खाली भेगा बुजवायचं लुकण होतं, लुकणाखाली लोखंडी खिळे आणि एकच जाड फळी. कधीतरी तळ खडकावर फुटला होता आणि कुणीतरी ठिगळ मारून वर रंग चढवला होता. पाणी भरून बघितलं तर थेंबही गळेना. "बांदनारा गुनी व्हता," तात्या म्हणाले, "इकनारा न्हाय."

तिसऱ्या दिवशी सोपानानं ती डोहात चालवून दाखवली. जोर वाढला तसं तिचं नाक वर उठलं आणि मागचा तळ पाण्यावर थाडथाड बसू लागला. सोपाना हसत होता. तात्यांचा चेहरा उतरला. "वल्ह्याची नाव पान्यात बसती. ही पान्यावर आपटती, आन् आपटती नेमकी ठिगळावर." शंकररावांनी साफ सांगितलं, की तळ सोलून बघायला त्यांच्याकडे वेळ नाही, पास होत नसेल तर बोट परत मुंबईला जाईल आणि तिच्याबरोबर सोपानाही. सोपाना बापाच्या पुढ्यात वाळूवर बसला. नुसता बसून राहिला.

संध्याकाळी तात्या कचेरीत आले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या टेबलाला हात न लावता उभे होते. "ल्ह्या, भाऊसाहेब. आठ मानसं. पुरात न्हाय. आन् इंजान निम्म्या जोरावर, त्याच्या वर कदी न्हाय. त्ये नीट ल्ह्या."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती टाळून तात्यांचं चित्र पुरं होत नाही. दाखल्याचा कागद छापील होता. लांबी, रुंदी, माणसं, गळती, पुरातली मनाई, या सगळ्यांना रकाने होते. जोराला रकाना नव्हता. वल्ह्याच्या नावेला कसला जोर? समासात लिहिता आलं असतं, पण समासात लिहिलं म्हणून हेडक्लार्कांनी मला पूर्वी एकदा सर्वांदेखत झापलं होतं, आणि माझं अक्षर, माझे स्वच्छ कागद यांचा मला भारी अभिमान होता. शिवाय मी विचार केला, की इंजिनावर बसणारा यांचाच पोरगा. बाप-लेक एका ताटात जेवतात, त्यांना कागद कशाला? तात्या म्हणाले, "ल्हिलं न्हवं?" मी म्हणालो, "हो." त्यांनी अंगठा उठवला.

पहिल्या खेपेला तात्या बसले. घरचं माणूस म्हणून सोपाना होताच, पण काशीबाई आपण होऊन येऊन बसल्या. बोट निम्म्या जोरावर गेली आणि निम्म्या जोरावर आली. पुढं तीनेक महिने ती तशीच चालली. सोपानानं शब्द पाळला. लोक त्याला चिडवत, "अरं, ह्यापरीस आमची म्हस लवकर पल्याड जाती." तो हसून म्हणे, "तात्याची आन हाय."

आश्विनात पुण्याहून मोठे साहेब आले. पाऊस सरला होता, नदी भरून संथ वाहत होती. साहेब काठावर उभे राहिले आणि म्हणाले, शर्यतीची बोट आहे म्हणता, तर जरा पळवून दाखवा. त्यांनी खिशातून घड्याळही काढलं. सोपाना एकटाच बोटीत होता. तो म्हणाला, "निम्म्या जोराच्या वर मनाई हाय, साहेब. तात्यांनी दाखल्यात ल्हिलंया." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. दाखल्याची वही माझ्या बगलेतच होती.

मी ती उघडली आणि वाचली. लांबी वाचली, रुंदी वाचली, माणसं आठ, गळती नाही, पुरात मनाई. पुढं वाचायला काही नव्हतं. साहेब म्हणाले, "यात तर काही नाही." सोपानानं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हासुद्धा बोलू शकलो असतो. साहेबांसमोर आपली चूक कबूल करायला लागेल एवढ्याच भीतीनं मी वही मिटली. शंकरराव म्हणाले, "कागदावर न्हाय ना? मग लाव की."

तात्या थोडं खाली एका उपड्या नावेवर काम करत होते. इंजिनाचा आवाज चढला तशी त्यांनी मान वर केली. मोगरी हातात तशीच घेऊन ते उठले आणि पाण्यात शिरले. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. "सोपाना, कमी कर," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि त्या आवाजात ते माझ्यापर्यंतसुद्धा नीट येत नव्हतं. नदीच्या मध्यावर बोट एकदम मागं बसली. तिचं नाक आभाळाकडे झालं आणि इंजिनाच्या वजनानं ती सरळ खाली गेली. नावाडी पोहत पोचले तेव्हा वर फक्त एक बाक तरंगत होतं. पट्टीचा पोहणारा सोपाना दुसऱ्या दिवशी सापडला, पाय इंजिनाच्या सांगाड्यात अडकलेला. तात्यांना दोघांनी काखेत धरून बाहेर काढलं.

चौकशी झाली. दाखला नियमाप्रमाणे होता, कागद स्वच्छ होता. माझ्यावर ठपका आला नाही.

मी दिवाळी उलटल्यावर त्यांच्या घरी गेलो. काशीबाई आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी तपासणीचं काम सोडलं होतं, मोगरी कुठं दिसली नाही. मी सगळं सांगितलं, रकाना नव्हता इथपासून. मधेच रडू आलं, ते आवरलं नाही. तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोगरीनं न्हाय म्हटलं व्हतं. व्हय मी म्हटलं, पोरगं जवळ ऱ्हावं म्हनून. तुमी ल्हिलं असतं तरी त्यानं पळीवलीच असती. हौस व्हती त्याला."

हे खोटं होतं. वही मिटेपर्यंत सोपानाचा हात इंजिनाच्या दांडीवर गेला नव्हता, हे मी पाहिलं होतं. 'तात्याची आन' तो किती पाळत होता ते तर तात्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आयुष्यभर ठिगळावरचा रंग खरवडणारा माणूस माझ्यासाठी रंग लावत होता.

फाल्गुनात तात्या गेले. आजार असा काही झाला नाही, जेवण सुटत गेलं.

दिवाळीनंतरच्या त्या दिवशी मी निघताना ते ओट्यावरून उठले होते. जुन्या सवयीनं त्यांचा हात माझ्या पाठीवर आला, दोन खांद्यांच्या मधोमध. मी श्वास धरून उभा राहिलो. हात तिथंच थोडा वेळ राहिला, आणि न वाजवता त्यांनी तो काढून घेतला.