कुरडयांच्या सकाळचा फोटो

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात, पुण्याला नोकरी करणाऱ्या थोरल्या भावानं आपला जुना बॉक्स कॅमेरा मला दिला. वडील शाळामास्तर. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात फोटो म्हणजे ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जायचं आणि श्वास रोखून बसायचं. वडिलांनी बजावलं, "सगळ्यांना नीट बसवून एकेक फोटो काढ. रोल वाया घालवू नको."

मी कुणालाच बसवलं नाही. भर दुपारी रंकाळ्यावर गेले. म्हशी पाण्यात डुंबत होत्या, नुसती डोकी आणि शिंगं वर. तो एक फोटो काढला. बोळातल्या नळापाशी रिकाम्या घागरी ओळीत लावून बायका भिंतीच्या सावलीला टेकल्या होत्या, त्यांचा काढला. हे सगळं मी रोज बघत आले होते. पण कॅमेऱ्याच्या एवढ्याशा काचेत ते इतकं देखणं दिसायचं, की मला त्यावरून नजर काढवत नसे.

रोल संपत आला होता तेव्हा आई गच्चीवर कुरडया घालत होती. ऊन अजून कोवळं होतं. गव्हाच्या शिजलेल्या चिकाची वाफ पातेल्यातून तिच्या तोंडावर येत होती. सोऱ्या दाबताना तिचे हात कोपरापर्यंत ताठ व्हायचे, आणि खाली धोतरावर पांढरीशुभ्र कुरडई गोल फिरत पडायची. सूर्य पाठीशी घ्यावा असं भावानं शिकवलं होतं. पण तिकडून वाफ दिसेना, म्हणून मी उन्हाकडे तोंड करून उभी राहिले.

"थांब की गं," आई म्हणाली. ती मलकापूरकडची, बोली कायम तिकडचीच. "चांगलं लुगडं तरी नेसून येतो."

"नको आई. अशीच बरी दिसतेस."

"ह्यात काय बघायचं हाय?" म्हणत ती पुन्हा सोऱ्यावर वाकली. मी खटका दाबला.

पेठेतल्या स्टुडिओतून रोल धुऊन आल्यावर वडिलांनी एकेक फोटो हातात घेतला. "म्हशी," ते म्हणाले, आणि सगळे फोटो माझ्याकडे परत सरकवले. मला वाईट वाटलं, पण मी चुकले असं काही वाटलं नाही.

आईचा फोटो मात्र, मी फोटो आणायला गेले तेव्हाच, स्टुडिओवाल्यांना हातातून सोडवत नव्हता. "उन्हासमोर उभं राहून काढलात?" त्यांनी विचारलं.

"त्याशिवाय वाफ दिसत नव्हती."

त्यांनी तो मोठा करून आपल्या दुकानाच्या काचेत लावला. चार दिवसांनी मी आईला घेऊन गेले. नटलेल्या नवऱ्या आणि कोटातले साहेब यांच्यामधोमध ती, घरच्या लुगड्यात, कपाळावर घाम. आई बराच वेळ काचेसमोरून हलली नाही.

शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "घरचंच काम, पर काय झ्याक दिसतंय. कोन म्हनायची ही?"

आईनं पदर सारखा केला. "मीच हाय की ती," ती दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "आनि फोटू माझ्या लेकीनं काढलाय."

परतताना पेठेत ओळखीचं जे कोणी भेटलं त्याला तिनं थांबवून हेच सांगितलं. एरवी मी लाजून पुढं निघून गेले असते. त्या दिवशी प्रत्येक वेळी तिच्या शेजारी उभी राहिले आणि सगळं ऐकून घेतलं.