हाल्याच्या छपरावरची कॅचर

शितलला संघातून हाकललं, ही बातमी तुक्याने तलासरी नाक्यावरून आणली, कांद्यांबरोबर. कांदे घरी पोचायच्या आत बातमी वेवजीच्या पाड्यातल्या सगळ्या ओट्यांवर पोचली आणि वाटेत तिला तिखटमीठही लागलं. म्हणे फायनलमध्ये शितलच्या हातून बॉल सुटला, संघाच्या साहेबाने भर मैदानात तिचे कपडे-बूट मागून घेतले आणि भाड्यापुरते पैसे देऊन तिला एसटीत बसवलं.

बॉल सुटला होता, हे खरं. सामनाही गेला होता. कपडे-बूट आणि एसटी ही मात्र तुक्याची भर. शितल अजूनही बेसबॉलच्या त्या नव्या लीगमधली पगारी खेळाडू होती आणि सुट्टीवर आली होती. सोमवारी पुण्याला निवड होती, करार वाढणार की नाही ते तिथे ठरायचं होतं. दहा बोटं धड घेऊन तिथे पोचायचं, एवढंच तिच्या हाती होतं.

आणि नेमकं शनिवारी हाल्याच्या घरावर कौलं चढवायचं निघालं.

पाड्यात एकाच्या छपराला दुसऱ्याने हात लावायचा, ही रीत. खालच्याने कौल फेकायचं, बांबूच्या परांचीवर उभ्या असलेल्याने ते झेलायचं आणि वर सरकवायचं. ही मधली जागा नऊ वर्षांची असल्यापासून शितलची. शाळेतल्या सरांनी तिला बेसबॉलमध्ये ओढलं, तेही असंच एका घरावर झेलताना पाहून. कॅचर म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून येईल तो बॉल झेलणारी. सरांना वाटलं, जी कौल सोडत नाही ती बॉल कशाला सोडेल?

"नको जाऊस गो," आई लाडकी म्हणाली. "बोट गेलं तर सोमवार गेला."

"आणि मी नाही गेले तर?"

पगार सुरू झाला आणि पोरीला कौलं बोचायला लागली, हे पाड्याचं बोलणं लाडकीला आधीच ऐकू येत होतं.

शितलने पत्र्याच्या पेटीतून जुना ग्लोव्ह काढला. तव्याएवढा, शिवण उसवलेला. तो दोऱ्याने टाचला, डाव्या हातात चढवला आणि निघाली.

हाल्याची बायको जिवली दारातच हसली. "अगो, हे काय? उशी आणलीस?"

"बोटांचं घर आहे, वहिनी. त्यांना नको का छप्पर?"

फेकायला खाली तुक्याच होता. बातमी असो की कौल, फेकण्यात त्याचा हात धरणारा पाड्यात कोणी नाही. ग्लोव्हमध्ये कौल धप्पकन बसायचं, शितल ते उजव्या हाताने वर हाल्याकडे सरकवायची आणि पुन्हा ग्लोव्ह पुढे.

"काय गो, किती वेळा जिंकलं की पगार देतात?" जिवलीने विचारलं.

"दहादा बॅट घेऊन उभी राहते. सातदा तशीच माघारी येते. तीनदा बॉल नीट लागला तरी चांगल्यांत धरतात."

"सातदा नापास होऊन पगार? आमचा काळ्या तर तीनच विषयांत गेला! त्याला ने तिकडे."

"नेते की. पण सातदा हात हलवत आल्यावर आठव्यांदा मान वर करून उभं राहावं लागतं. तेवढं विचारा त्याला."

"ते बॅटवालीचं झालं," खालून तुक्या म्हणाला. "झेलणारीने सोडला तर?"

शितलने पुढचं कौल झेलून वर सरकवलं. तो बॉल कसा सुटला ते तिला पक्कं ठाऊक होतं. हातात यायच्या आधीच तिची नजर समोरच्या संघातल्या धावणाऱ्या पोरीकडे गेली होती.

"चहा झाला गो!" जिवलीने हाक मारली. शितलने वळून पाहिलं. कौल ग्लोव्हच्या कडेला लागून खाली गेलं आणि फुटलं.

वर हाल्या थांबला. दारात जिवली थांबली. एकटा तुक्या तेवढा खुलला. "सुटलं! मी नाक्यावर खोटं ऐकलं काय?"

शितलने ग्लोव्ह काढला आणि दहाही बोटं एकदा उघडून मिटून पाहिली. धड होती. पुन्हा तीच चूक, तीच नजर. तिला हसूच आलं. सोमवारच्या आधीच कळलं, बरं झालं. तिने ग्लोव्ह चढवला.

"टाका, काका. आणि वहिनी, चहा राहू द्या, थंडच पिते."

संध्याकाळपर्यंत एकही सुटलं नाही. ना चहासाठी, ना तुक्याच्या टोमण्यांसाठी नजर हलली.

मंगळवारी ती एक वर्षाचा करार घेऊन पुण्याहून परतली. नाक्यावर तुक्या उभाच होता. नवी बातमी त्याला जरा कडू लागत असावी.

"निवडलं म्हणे. पण हाल्याचं कौल फोडलंस ते सांगितलंस का तिथे?"

शितल म्हणाली, "सांगितलं, काका. तुम्ही अजून ते एकच धरून बसलात. मी त्याच्यानंतर दोनशे झेलली."