पहिल्या नंबरची विहीर

जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना नंबर देता येतो, आणि एकदा नीट विचार करून दिलेला नंबर पुन्हा बदलावा लागत नाही, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे भूमजवळच्या आमच्या गावातल्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. मी हायस्कुलात मास्तर म्हणून त्या गावी गेलो तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडून हाताला घट्टे पडलेल्या माणसांनी सहकाराच्या नावानं जी चार-दोन कामं काढली, त्यात ही सोसायटी होती. मला मिळालेली खोली सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून होती, त्यामुळं सेक्रेटरी मला शेजारी म्हणून आयतेच मिळाले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दूध तपासायची काचेची नळी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "सर, गावात चहामधी तुमचा नंबर नववा. वाईट वाटून घिऊ नका, धाव्या नंबरला आमचंच घर हाय."

यात त्यांचा कुणाला दुखवायचा हेतू नसे. लग्नाच्या पंगतीतून उठताना ते वधूपित्याला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगत, "यंदाच्या लग्नात तुमची आमटी तिसरी." ते एसटीच्या कंडक्टरांना नंबर देत, खवा आटवणाऱ्यांच्या भट्ट्यांना देत, गावच्या विहिरींना देत. त्यांना दोन जावई होते. दिवाळीला दोघं एकदम आले, तेव्हा धाकट्याच्या पाठीवर थाप मारून हे म्हणाले, "दुसऱ्या नंबरचे जावई आले बरं का." धाकटा जावई त्यानंतर तीन दिवाळ्या फिरकला नाही. सेक्रेटरीणबाईंनी डोळ्याला पदर लावला, तर हे म्हणतात कसे, "अगं, दोघातला दुसरा म्हंजे शेवटून पहिलाच की!" बाईंचा नंबर कितवा, हे विचारायची हिंमत मात्र मला कधी झाली नाही.

पण त्यांच्या नंबरबाजीचा खरा जीव होता तो एका म्हाताऱ्या शाहिराच्या रेकॉर्डींत. या शाहिराच्या एकूण अकरा रेकॉर्डी निघाल्या होत्या आणि सेक्रेटरींकडं अकराच्या अकरा होत्या. दुष्काळात घरातली भांडीकुंडी गेली, पण रेकॉर्डींची पेटी हलली नाही. रेकॉर्डींची छापील नावं ते घेत नसत. कव्हरवरच्या चित्रावरून त्यांनी नावं पाडली होती: लाल फेटा, निळी, बैलजोडी, विहीर. आणि त्यांना नंबर द्यायची रीत डेअरीची. दुधाला लावतात तसे फॅट आणि डिग्री ते गाण्यालाही लावत. आवाजात किती दम आहे ती फॅट, आणि शब्दात पाणी किती मिसळलंय ते डिग्रीवरून कळायचं. सोसायटीच्या फळ्यावर डाव्या बाजूला दुधाचा भाव आणि उजव्या बाजूला अकरा रेकॉर्डींची यादी, ठसठशीत अक्षरात, फॅटसकट. एकदा उस्मानाबादहून तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वाचली आणि विचारलं, "हे लाल फेटा, सहा पॉइंट चार, कुठल्या जातीची म्हैस हो?" सेक्रेटरींनी साहेबांना बसवून लाल फेटा दोन्ही बाजूंनी ऐकवली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'दप्तर समाधानकारक.' दप्तर त्यांनी उघडलंच नव्हतं.

शाहिराला त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. एकदा खबर लागली की शाहीर छोट्या गाडीनं लातूरला निघालेत. सेक्रेटरी डब्यात खरवस घेऊन येडशीच्या स्टेशनावर जाऊन उभे राहिले. गाडी आली. एका डब्यात लाल फेट्याचा, मिशाळ, म्हातारा माणूस दिसला. यांनी खिडकीतून पाय धरता येईनात म्हणून हात धरले आणि डबा पुढं केला. त्या गृहस्थानं सगळा खरवस आवडीनं खाल्ला, डबा परत दिला आणि गाडी सुटताना सांगितलं की त्याचा बांगड्यांचा धंदा आहे. "मग तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं. "काय बोलायचं? खाताना त्यो न्हाय म्हणला न्हाय, आन् म्याबी इचारलं न्हाय," सेक्रेटरी म्हणाले. आणि वर, "फेटा मातर पहिल्या नंबरचा व्हता."

बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला, सोसायटीत आमची बैठक भरे. आम्ही चौघं: सेक्रेटरी, मी, गावचे टपालवाले आणि बसल्याबसल्या डुलक्या घेणारे एक खवेवाले. खवेवाले कोरमपुरते. सगळं सहकाराच्या कायद्यानं चाले. एखाद्या रेकॉर्डीचा नंबर हलवायचा तर रीतसर ठराव हवा, त्याला सूचक हवा, अनुमोदक हवा, आणि सगळं प्रोसिडिंग बुकात लिहिलं जायचं. मी सात वर्षांत एक ठराव मंजूर करून घेतला, बैलजोडीला आठव्यावरून सातव्यावर आणण्याचा, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

खरी झुंज असायची टपालवाल्यांशी. टपालवाले औरंगाबादला शिकलेले, इस्त्रीचे कपडे घालणारे, मोजकं बोलणारे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. जयंतीला त्यांच्या वस्तीत निळी रेकॉर्ड वाजायची ती सेक्रेटरींच्याच पेटीतली. सेक्रेटरी ती स्वतः धोतराच्या सोग्यानं पुसून नेऊन द्यायचे. निळी दुसरी आहे यावर टपालवाल्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती पहिल्या नंबरच्या विहिरीवर. ते मोटेचं गाणं. मोट वर येताना 'ये की वरती, ये की वरती' असं पालुपद. आमच्या सोसायटीतल्या विजेच्या यंत्रावर ते लागलं की शाहिराचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा यायचा. खोल, संथ, एकेक शब्द ओढत. 'ये की वरती' म्हणताना तो जणू आटलेल्या विहिरीच्या काठावर बसून पाण्याला हात जोडायचा. दूध घालायला आलेल्या बाया किटल्या हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. दुष्काळ सगळ्यांनीच पाहिला होता. टपालवाले मात्र दरवर्षी ठराव मांडायचे की विहीर अकराव्या नंबरला न्यावी. "शाहिराला म्या समोर बसून ऐकलाय," ते म्हणायचे. "मोटेचं गाणं ते. मोट हाकताना माणूस रडतो व्हय?" सेक्रेटरी म्हणायचे, "तुमी ऐकलं ते जत्रंतलं. रेकॉर्ड म्हंजे रेकॉर्ड." ठराव अनुमोदकाअभावी पडायचा. सेक्रेटरींच्या ठरावाला टपालवाले कधी अनुमोदन देत नसत आणि टपालवाल्यांच्या ठरावाला सेक्रेटरी देत नसत. तरी बैठक संपली की दोघं एकाच कंदिलाच्या उजेडात गप्पा मारत घरी जायचे.

आणि मग सोसायटीच्या वाढदिवसाला सेक्रेटरींनी खरंच शाहिराला आणलं. भर दुपारी, शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली. म्हातारा थकला होता, पण डफावर थाप पडली आणि पटांगण जागं झालं. सेक्रेटरी पुढच्या रांगेत टोपी सावरत बसले होते. त्यांनी चिठ्ठी पाठवली: 'विहीर.' शाहीर हसला आणि त्यानं गाणं उचललं ते एकदम दुडक्या चालीत! बैल पळताहेत, मोटेच्या दोराचं सोंदूर सुटतंय, 'ये की वरती' म्हणताना एखाद्या बाईकडं बघून डोळा मारल्यासारखा चटका. पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. आणि सेक्रेटरी उठून उभे राहिले. हात जोडून, सगळ्या गावादेखत म्हणाले, "शाहीर, माफी असावी, पर चुकतंय तुमचं. असं न्हाय ते गाणं."

डफ थांबला. गाव थांबला. टपालवाल्यांचं तोंड लालबुंद झालं. ते उठले, सेक्रेटरींपाशी आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "पाव्हण्याला बोलावून त्याचा अपमान करता? आजपासून तुमच्या बैठकीला म्या न्हाय." आणि मांडवातून निघून गेले.

शाहीर मात्र रागावला नाही. त्याला नवल वाटलं. संध्याकाळच्या एसटीला अवकाश होता म्हणून तो सोसायटीत आला आणि म्हणाला, "ऐकवा बरं, कसं हाय ते." दूध घालायची वेळ. संध्याकाळची वीज नुकतीच आली होती. आमच्या भागात ही संध्याकाळची वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम विहिरीच्या तळाला जे काही उरलं असेल ते उपसायला लागत, आणि गावातला दिवा निखाऱ्यासारखा लाल होई. सेक्रेटरींनी विहीर लावली. तबकडी जड पायांनी फिरू लागली. मी त्या क्षणी पहिल्यांदा दिव्याकडं पाहिलं, मग तबकडीकडं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं आम्ही शाहिराला ऐकतच नव्हतो. विजेला जोर नव्हता म्हणून यंत्र हळू फिरत होतं! बाकीच्या रेकॉर्डी एरवी दुपारी, दिवा चांगला असताना लागायच्या, आणि विहीर, पहिल्या नंबरची म्हणून, राखून ठेवून ऐन संध्याकाळी. मी तोंड उघडणार तोच शाहिराकडं लक्ष गेलं. म्हातारा डोळे मिटून बसला होता. गाणं संपल्यावर त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "ह्यो माझा आवाज न्हाय. माझ्या बापाचा हाय. त्यो मोटंवर असंच म्हणायचा, सावकाश. कंपनीवाले म्हणले, तीन मिन्टांत बसवा. म्या पळवलं, आन् पुढं पळवायचीच सवय लागली." जाताना त्यानं सेक्रेटरींना वाकून नमस्कार केला. सेक्रेटरी इतके गांगरले की त्यांनी त्याला दूध तपासायची नळी भेट दिली.

मला वाटलं, आता हे टपालवाल्यांच्या दारात जाऊन विजयाचा डंका पिटतील. पण नाही. यंत्र हळू फिरतं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, सांगवलंच नाही, आणि शाहीर काय बोलला हे त्यांनी टपालवाल्यांना सांगितलं नाही. "का हो?" मी विचारलं. "त्यांनी भर मांडवात माझी संगत सोडली ती पाव्हण्याच्या इज्जतीसाठी," सेक्रेटरी म्हणाले. "त्यात त्यांचं काय चुकलं? जिंकून मला काय करायचंय, सर? कोरम मोडला त्यो मोडलाच." तीन वर्षं दोघं बोलले नाहीत. टपालवाले सोसायटीची पत्रं खिडकीतून आत टाकायचे. सेक्रेटरी जयंतीला निळी रेकॉर्ड पुसून पाठवायचे, माझ्या हाती. कंदिलाच्या उजेडात एकटेच घरी जायचे. या माणसाची मला आयुष्यात तेव्हाच एकदा दया आली.

मग गावाला नवं वीजकेंद्र झालं. संध्याकाळीही दिवे पांढरे लागले. सेक्रेटरींनी हौसेनं विहीर लावली, आणि शाहीर दुडक्या चालीत पळत सुटला. त्यांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली. तेच. मग मला कबूल करावं लागलं. सगळं ऐकून ते दुधाच्या कॅनवर बसले. "म्हंजे इतकी वर्षं म्या पाणी घातलेल्या दुधाला फॅट देत व्हतो," ते म्हणाले. उठून त्यांनी स्वतःच्या हातानं फळ्यावरची पहिली ओळ पुसली आणि टोपी नीट करून टपालवाल्यांच्या घराकडं गेले. दारातूनच म्हणाले, "तुमचा ठराव मंजूर. विहीर अकरावी. टपालवाले, माझी तपासणी चुकली." एवढं बोलून वळले. मी मागं राहिलो आणि शाहिराच्या बापाची गोष्ट टपालवाल्यांना सांगून टाकली. सेक्रेटरींनी मनाई केली नव्हती, आणि केली असती तरी मी सांगितलीच असती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी टपालवाले इस्त्रीच्या कपड्यांत सोसायटीत आले.  पेटीतून विहीर काढली, लावली, आणि फिरत्या तबकडीच्या कडेवर उजव्या हाताचं बोट अगदी अलगद टेकवलं. शाहिराचा आवाज दमला, खाली उतरला, संथ झाला, आणि जमिनीखालून आल्यासारखा म्हणाला, 'ये की वरती.' "असंच व्हतं न्हवं?" टपालवाल्यांनी विचारलं. सेक्रेटरी फळ्यापाशी गेले. त्यांनी खडू घेतला आणि पहिली ओळ पुन्हा लिहिली. टपालवाले म्हणाले, "सर, लिहून घ्या. सूचक सेक्रेटरी. अनुमोदक म्या." त्यानंतर मी गाव सोडेपर्यंत दर बाजाराला टपालवाले बोट टेकवून बसायचे आणि सेक्रेटरी डोळे मिटून ऐकायचे.

सेक्रेटरी गेले तेव्हा मी पार लांब बदलीवर होतो, पण शोकसभेला पोचलो. सोसायटीत पंखे होते, दिवे झगझगीत होते. टपालवाल्यांनी विहीर लावली आणि बोट टेकवलं. आता त्यांचा हातही म्हातारा झाला होता, तो थरथरत होता, म्हणून शाहिराचा आवाज मधेच कापायचा. दूध घालायला आलेल्या नव्या सुनांना वाटलं, गाणारा रडतोय. नंतर नव्या सेक्रेटरीनं दुखवट्याचा ठराव वाचला आणि सूचक म्हणून सही करायला पेन काढलं. टपालवाल्यांनी त्याचा हात धरला. "अनुमोदक म्या हाय," ते म्हणाले. "सूचकाची जागा तशीच राहू द्या." कायद्यात बसत नाही, असं तो बिचारा म्हणत राहिला. प्रोसिडिंग बुकात ती जागा आजही कोरी आहे.