लमारची तीन टोकं

लमार हॉकनबेरी माझ्या बायकोचा थोरला भाऊ. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण लमार जिवंत आहे, चांगला धडधाकट आहे, तेव्हा मला मोकळीक आहे.

पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात आमचा शिकारीचा कॅम्प होता. एक लाकडी खोली, एक शेगडी, सहा माणसं. हरणाच्या नराला शिंगाच्या एका बाजूला तीन टोकं असल्याशिवाय गोळी घालायची नाही, असा सरकारी नियम आला तेव्हा सगळे भडकले. बोटभर शिंग दिसलं की बार काढणारी माणसं आम्ही. एकटा लमार खूश.

"पोरंटोरं मारून खाता आणि मोठे नर दिसत नाहीत म्हणून रडता," तो म्हणायचा. "दोन वर्षं जगू द्या की त्यांना!"

आणि त्याचं बरोबर निघालं. चार-पाच वर्षांत जंगलात अशी शिंगं दिसू लागली की आमच्या बापांनी पाहिली नव्हती. तिथून पुढे लमारला आवरणं कठीण झालं. चुकून लहान नर पडला तर शिकारखात्याच्या वॉर्डनला कळवा, हरीण जमा करा, किरकोळ दंड भरा, एवढ्यावर सरकार सोडायचं. लमार सोडत नसे. त्यानं कॅम्पचा वेगळा कायदा केला. ज्याच्या गोळीनं दुटोक्या मरेल, तो कॅम्पमधून कायमचा बाहेर.

पहिला गेला वेंडेल फेसलर. ती खोली त्याच्या बापानं बांधलेली. बिचारा स्वतःहून सांगायला आला, डोळ्यांत पाणी घेऊन.

"रडून टोक उगवत नाही, वेंडेल," लमार म्हणाला. "गादी उचल तुझी."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

मागच्या मोसमात पहिल्याच सकाळी लमारच्या बाजूनं एक बार ऐकू आला. आमच्यात एकच बार म्हणजे हरीण पडलं असं धरतात. ओढायला मदत करावी म्हणून मी दोर घेऊन निघालो, तर लमार वाटेतच भेटला, रिकाम्या हातानं.

"चुकला," तो म्हणाला. "हात गारठले होते."

नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचा मागचा तुकडा कापायचा आणि नाव घालून भिंतीवर ठोकायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. तीस वर्षांत लमारचा शर्ट कधी कापला गेला नव्हता. त्या संध्याकाळी तो आपणहून वाकला.

"कापा, दाजी, लाजू नका. म्हातारा झालो आता."

कात्री माझ्याच हातात होती. इतक्या आनंदानं कुणी वाकतो का, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच उतारावर चढलो. बर्फात रक्ताचा पट्टा होता, आणि पट्ट्याच्या टोकाला तो नर. कमरेत गोळी बसलेली, मागचे पाय लुळे. अख्खा दिवस आणि अख्खी रात्र पुढच्या पायांवर फरफटत तो पन्नास पावलं गेला होता. पोटाचं कातडं सोलून निघालं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोनच टोकं. आणि तो जिवंत होता.

बंदूक माझ्या खांद्यावरच होती. पण हे लमारनं बघावं, हे त्यानंच निस्तरावं, असं मला वाटलं. मी खाली जाऊन त्याला घेऊन आलो.

लमारनं वाकून शिंगं पाहिली. "शिंगामागे काडी होती हो. मी ती टोक म्हणून मोजली."

"संपव आता त्याला."

"मी?" त्यानं बंदुकीला हातही लावला नाही. "दोनच टोकं आहेत, दाजी. नियमात बसत नाही."

मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

"काल मी याला मारलेलं नाही," तो सावकाश म्हणाला. "अजून कुणीच मारलेला नाही. जो मारेल त्याचा."

हरणानं मान उचलायचा प्रयत्न केला. मी गोळी घातली.

बार ऐकून बाकीचे धावत वर आले. "कुणाचा?" व्हर्ननने विचारलं. तो आमच्यात वयानं मोठा.

"दाजींचा," लमारनं उसासा टाकला.

मी घडलं ते सगळं सांगितलं. कालची जखम बघा म्हणून ओरडलो.

"लमारचा काल नेम चुकला होता," व्हर्नन म्हणाला. "शर्ट तुम्हीच कापलात, डॉर्सी. आता त्याच्यावर ढकलता? लाज वाटू द्या थोडी."

मला काढायचं का, यावर दुपारी मतं घेतली. लमारनं हात वर केला नाही. नात्यातला माणूस आहे, मला यात ओढू नका, म्हणाला. बाकीच्या तिघांनी केला. माझं सामान मात्र लमारनंच गाडीपर्यंत आणून दिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला वाटलं आता तरी खाली मान घालून दोन शब्द बोलेल.

तो खिडकीशी वाकला. "दिसला तेव्हाच गोळी घालायची होती, दाजी," तो म्हणाला. "मला बोलवायला गेलात तो अर्धा तास कशाला तडफडत ठेवलंत त्याला?"