मावशीचं जोडझाड

बोन्साय उचलताना कुंडीला धरायचं असतं. मावशीचं कपाट सरकवायला म्हणून मी गेलो होतो. कपाट सरकलं, पण मदतीचा उत्साह काही संपेना. त्या भरात गच्चीवरचं तिचं ज्युनिपरचं बोन्साय उन्हातून सावलीत ठेवावं म्हणून मी ते सरळ खोडाला धरून उचललं, किटली उचलावी तसं. कट्‌ असा बारीक आवाज झाला. खोड माझ्या हातात आलं, कुंडी जागच्या जागी राहिली, आणि हिरवं झाड दोघांच्या मध्ये मान टाकून लोंबायला लागलं.

ते झाड मुळात एक नव्हतंच, दोन होती. पांढरंफटक, पीळदार खोड कधीच मेलेलं होतं. एका पाडलेल्या बंगल्याच्या आवारातून मावशीने ते राडारोड्यासकट उचलून आणलं होतं. त्याच्या पाठीत तिने खालपासून वरपर्यंत खाच कोरली, खाचेत एक तरणंताठं ज्युनिपर निजवलं आणि बारीक स्क्रूंनी जखडलं. वर्षानुवर्षं ते आत फुगत गेलं आणि खाच गच्च भरली. बघणाऱ्याला वाटावं, शंभर वादळं खाऊनही सालीच्या एका पट्ट्यावर जीव धरून बसलेला हा कुणी म्हातारा वृक्ष आहे.

कोरण्यातला तिचा हात मात्र लाकडावर घडलेला नव्हता. मावशी उभा जन्म कवळ्या करत आली. तिला सगळे बत्तिशी मावशी म्हणतात, तोंडावरसुद्धा. दवाखान्याच्या मागच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून ती दात घडवायची. पाटी डॉक्टरांची, आभार डॉक्टरांचे. आणि या धंद्याची गंमत अशी की काम जितकं उत्तम, तितकं ते कुणाला कळत नाही. एकदा बसथांब्यावर एक गृहस्थ खो खो हसताना तिने बघितले. वरची कवळी तिच्या हातची! "माझं काम माझ्या तोंडासमोर हसत होतं, आणि मला हूं की चूं करता येईना," असं ती अजून सांगते. म्हणून या झाडावर तिचा जीव. येत्या बोन्साय प्रदर्शनात ते मांडायचं आणि खाली तिचं नाव लागायचं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

आणि खोड माझ्या हातात.

मावशी वर आली. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रड. आधी ओलं फडकं दे."

मुळं तिने फडक्यात गुंडाळली. झाड वर्तमानपत्रावर आडवं केलं. साल दोन ठिकाणी सोलली होती, तिथे मलम लावलं. मग मोडलेल्या खोडाचं बूड नखाने टोकरलं, तर भुसा गळायला लागला.

"खालून किडलंच होतं," ती म्हणाली. "मातीतल्या ओलीने खाल्लंय. आज ना उद्या पडलंच असतं."

मावशीचे यजमान, म्हणजे काका, चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "म्हणजे उलट याचे आभारच मानायला हवेत!"

"अहो, किडका दात पडला म्हणून ठोसा मारणाऱ्याला कुणी हार घालतं का?"

काका चहासकट खाली गेले.

मग तिने दात कोरायचं यंत्र काढलं. निवृत्त होताना डॉक्टरांनी घड्याळ देऊ केलं होतं, तिने हे मागून घेतलं होतं. किडलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कोरून टाकला. बूड आखूड झालं, म्हणून त्याला खालून दोन पोलादी खुंट्या मारल्या आणि त्या एका चपट्या दगडात रोवल्या. आता लाकूड मातीला शिवणारच नव्हतं. वरून चुना-गंधकाचा द्राव फासला. त्याने लाकूड पांढरं आणि टणक होतं, मात्र गच्चीभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. शेजारणीने खिडकी आपटली. "नवीन दात बसताना थोडा वास येतोच," मावशी भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

जिवंत झाड पुन्हा खाचेत बसवणं सगळ्यात अवघड होतं. इतकी वर्षं आत दबून त्याच्या अंगावर खाचेचेच कंगोरे उठले होते. तिने ते बोटाने चाचपले, खाच केसभर रुंद केली, परत लावून बघितलं, परत काढलं. शेवटी ते असं बसलं की दोघांच्या मध्ये कागद सरकेना. तिने स्क्रू पिळले, फांद्यांना तारा गुंडाळून त्यांचं वळण पूर्वीसारखं केलं आणि कुंडी सावलीत ठेवली. मला हात लावायला बंदी, फक्त पाणी फवारायची परवानगी.

त्या वर्षीचं प्रदर्शन हुकलं. झाड आधी पिवळट पडलं. एक फांदी वाळली, ती तिने कापली. ज्युनिपर मेलं तरी बरेच दिवस हिरवं दिसतं, त्यामुळे जगतंय की फसवतंय हेच कळेना. रोज सकाळी दात घासायच्या आधी ती गच्चीवर जायची. एके दिवशी वरून हाक आली, "अरे, या बघायला!" टोकाटोकांवर पोपटी कोंब होते. काकांनी ते चष्मा लावून बघितले, चष्मा काढून बघितले, आणि विनाकारण माझी पाठ थोपटली.

पुढच्या प्रदर्शनाआधी ते भरवणाऱ्या संस्थेचे चिटणीस घरी आले. त्यांनी कुंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"बाई, समोरून सांधा मलाच सापडत नाही, परीक्षकांना काय सापडणार! मागच्या स्क्रूंवर थोडं शेवाळ लावा आणि मुख्य विभागात ठेवा. जोडकामाच्या कोपऱ्यात कशाला? तिकडे कुणी फिरकत नाही."

"जोडकामातच ठेवायचंय."

"अहो, मोठी ढाल आहे मुख्य विभागाला!"

"असू दे. साखर किती घालू चहात?"

प्रदर्शनात तिने कुंडी मुद्दाम अर्धी वळवून ठेवली. सांधा समोर आला, स्क्रूंची डोकी चकाकायला लागली. आधी दोघं थांबले, मग घोळकाच जमला. माणसं वाकून वाकून सांध्यावर बोट फिरवू बघत होती आणि मावशी ताठ उभी राहून सांगत होती, "खाच मी कोरली. बूड मी बदललं. हो, मीच." त्या दिवशी मुख्य विभागातली शंभरी ओलांडलेली झाडं एकेकटी पडली होती. आमच्या विभागात स्पर्धक तीनच, त्यातला एक वाटेतच कलंडलेला, तरी पहिलं बक्षीस पुकारलं तेव्हा काकांनी शिट्टी मारली. या वयात! मीही मारली असती, पण येत नाही.

बक्षीस म्हणजे तळहाताएवढा पितळी बिल्ला. घरी जाताना मला राहवेना. म्हटलं, "मावशी, मुख्य विभागात ठेवलं असतंस, तर आज ती मोठी ढाल आपल्या घरी आली असती."

मावशीने बिल्ला पदराने पुसला.

"ती झाडाला मिळाली असती, हा मला मिळालाय."