हिलाल सरांचा कागद

अक्कलकुव्याच्या आमच्या शाळेत हिलाल सर अकरा वर्षं स्वतः विकत आणलेल्या वहीत सही करत होते. शाळा विनाअनुदानित. खऱ्या हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून त्यांनी दोनशे पानी वहीत पट्टीने रकाने आखले होते. रोज सकाळी सही करून ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचे. मुख्याध्यापक ती उघडतही नसत. मी मराठी शिकवायचो, मीही तसाच बिनहुकमाचा. चिडून म्हणायचो, "अहो, ही वही मानणार कोण?" ते हसायचे. "सर, आपण काम करत ऱ्हावानं. कागद मांगेथून येस." कागद म्हणजे नेमणुकीचा हुकूम. तो मागाहून येतोच, अशी त्यांची श्रद्धा होती.

गडी मूळचा कळसाडी गावचा, घरी कापसाची शेती. पण इंग्रजी काय शिकवायचे! मुलांच्या हातात खराटा द्यायचे आणि अंगण झाडता झाडता वाक्यं बोलायला लावायचे. डोंगरातून आलेली पोरं, ज्यांना माझं पुस्तकी मराठीसुद्धा परकं, ती त्यांच्या तासाला इंग्रजीत भांडायची. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

चीनमधल्या यांगशुओ नावाच्या गावी परदेशात इंग्रजी शिकवण्याचं महिनाभराचं प्रशिक्षण मिळतं, पुढे तिथल्याच शाळांत नोकरी लागते, असं त्यांना कुठून तरी कळलं. त्यांनी राजीनामा दिला. सहीची ती वही मुख्याध्यापकांनी रद्दीत टाकली, मी डोळ्यांनी पाहिलं.

तिथून फोटो यायचे. नदी, बांबूचे तराफे, आणि पाण्यातून सरळ उभे राहिलेले हिरवे डोंगर. "आपला सातपुडा कोणी कापीसन पाणीमा उभा करेल शे," असं त्यांनी लिहिलं होतं. गावभर पर्यटक. सरावाच्या तासाला विद्यार्थी म्हणजे हॉटेलातल्या पोरी आणि तराफेवाले. सरांनी तिथेही खराटाच हातात दिला. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी त्यांचा तास बाकीच्यांना बसून बघायला लावला. मग गावातल्याच एका शाळेने निरोप धाडला, जागा आहे, येऊन तास घ्या.

आणि इथे आमच्यासारख्यांचं घोडं पेंड खातं. त्यांच्याच तुकडीतल्या दक्षिण आफ्रिकेच्या एका मुलीलाही त्या शाळेने बोलावलं होतं; ती पहिल्याच दिवशी म्हणाली, करारपत्र द्या, मग शिकवते. आमचे सर वर्गात जाऊन शिकवायलाच लागले. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. बाजारातून नवी वही आणली, रकाने आखले, रोज सही करून ती तिथल्या मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवू लागले. तिला वाटलं, ही यांची काही पूजा असावी.

एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "सर, सव्वा महिना व्हयना. व्हिसाना दिन सरी ऱ्हायनात. कागदनं इचारी देखू का?"

मी म्हणालो, "घाई करू नका. परकी माणसं, नाराज होतील. काम बघू द्या त्यांना."

हे मी म्हणालो. या तोंडाने. अकरा वर्षं त्यांच्या वहीची थट्टा करणाऱ्या माणसाने.

ते थांबले. व्हिसाचे चार दिवस उरले तेव्हा धीर करून त्यांनी विचारलं. मुख्याध्यापिका बिचारी ओशाळली. "आम्हाला वाटलं, तुम्ही सरावासाठी येताय. तुम्ही कधी काही मागितलंच नाही." ती जागा त्या मुलीला कधीच देऊन झाली होती. मग तिने त्यांना चहापत्तीचा सुंदर डबा दिला.

ते परतले तोवर आमच्या शाळेला अनुदान लागलं होतं. मला हुकूम मिळाला. त्यांच्या जागेवर संस्थाचालकांचा भाचा बसला होता, त्याला इंग्रजीत आपलं नाव धड सांगता येत नाही. सर आता खापर गावाजवळ हायवेच्या पेट्रोल पंपावर गाड्यांत डिझेल भरतात. शिकवणी तरी घ्या म्हटलं, तर मान हलवतात. इंग्रजीचा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या घरी गेलो. सर पंपाच्या निळ्या शर्टात खाटेवर बसलेले. वहिनींनी चहा आणला आणि कप हातात देतादेता मला विचारलं, "भाऊ, एक गोष्ट सांगा. हाई माणूस तठे इतला दिन गप बसना. तुमले तरी इचारं व्हतं का त्यानी? तुम्ही काय सांगं?"

मी कप खाली ठेवला. मग सर जमिनीकडे बघत म्हणाले, "सरसले फोन करा व्हता मी. लागनाच नही."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"हो वहिनी," मी म्हणालो. "आमच्याकडे तेव्हा रेंजच नसायची."